एरंडीच्या पेंडीचा वाफा

हवालदाराला या घरातली कचऱ्याची बादली फार प्रिय होती. ती गेली आणि आपले दिवस फिरले, असं त्याचं स्वच्छ मत होतं.

बादली काढली धाकटीने. घरात दोघी बहिणीच. ताई पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर लोकांचे कपडे दुरुस्त करायची. धाकटी बरीच वर्षं रंगांच्या कारखान्यात होती. तिथून ती कायमचा खोकला घेऊन घरी आली आणि आल्या आल्या तिने जाहीर केलं, की यापुढे कारखान्यातलं काही या घरात येणार नाही आणि घरातलं काही बाहेर फेकलं जाणार नाही. शब्दाला पक्की निघाली. भांडी राखेने निघू लागली. अंघोळीचं पाणी नळीतून मागच्या अंगणात जाऊ लागलं. ताईच्या चिंध्यांच्या पिशव्या झाल्या. आणि शिळा पाव, भाताची खरवड, माशांची डोकी, म्हणजे ज्यावर हवालदार आजवर पोसला गेला ते सगळं, झाकणाच्या पिंपात कुजायला जाऊ लागलं.

"तुझ्या पिंपाचं पोट भरतं आणि कुत्र्याचं राहतं," ताई म्हणायची.

"त्याला वेगळं शिजवते ना मी?"

"भोपळा! अगं, कुत्रा आहे तो, पथ्यावरचा म्हातारा नाही."

खरं तर म्हातारा तो होताच. रोज संध्याकाळी कुंपणाच्या कडेने गस्त घालायचा म्हणून त्याचं नाव हवालदार. थंडीत ताईने गटाराच्या कडेला सापडलेलं एक पिल्लू उचलून आणलं, तेव्हापासून ही गस्त दोघांची झाली. पिल्लाचं नाव चिंगी. हवालदार थांबला की ती थांबायची, त्याने खांब हुंगला की तिलाही तोच खांब हुंगायचा असायचा, आणि तो वैतागून शिंकला तर तीही मुद्दाम शिंकायची. त्याने पहिले काही दिवस दात दाखवून पाहिले. मग नाद सोडला. आता ती त्याच्या पोटाशी झोपली नाही, तर त्यालाच झोप लागत नसे.

थंडी सरली. कुंपणावरच्या वेलाला तांबूस पालवी फुटली, माती मऊ झाली आणि धाकटीच्या अंगात वारं शिरलं. तिने अंगण खणून वाफे केले. खिडकीत जपलेली टोमॅटोची रोपं बाहेर आणली. मग एका दुपारी एक पोतं आलं.

"एरंडीची पेंड," तिने ताईला सांगितलं. "बियांचं तेल काढल्यावर उरतो तो चोथा. यात हाडांचा चुरा मिसळलेला आहे, रोपांच्या मुळाशी घालायची. रसायनाचा कणसुद्धा नाही यात."

हवालदाराला त्यातलं एकच कळलं: हाडं. पोत्याच्या तोंडाशी थोडं सांडलं होतं, ते त्याने चाटून साफ केलं. भोपळ्यावर दिवस काढणाऱ्याने दुसरं काय करावं?

त्याची शिक्षा त्याला दुसऱ्या दिवशी मिळाली. पोटात कोणीतरी निखारे ओतावेत तसं झालं. पाय लटपटले. तो कुंपणामागे जाऊन ओकला, गवत खाल्लं, पुन्हा ओकला. धाकटीने त्याला गवत चघळताना पाहिलं आणि तिला कौतुकाचं भरतं आलं.

"ताई, बघ ना. पोट बिघडलं की स्वतःचं औषध स्वतः शोधतात. याला म्हणतात निसर्गोपचार."

घास लहान होता आणि हवालदार मोठा, म्हणून निभावलं. पण त्या वासाची आणि त्या आगीची त्याच्या डोक्यात जी गाठ पडली, ती पडलीच. पुढे पोत्यापाशी जाताना तो लांबून वळसा घ्यायचा.

आणि मग धाकटीने ती पेंड वाफाभर पसरली.

रोपं लावून ती हात धुवायला गेली, तेवढ्यात चिंगी वाफ्यात उतरली. तिने नाक खुपसलं. हवालदार गुरगुरला. तिला वाटलं, खेळतोय. तिने शेपूट हलवली आणि पुन्हा उकरायला घेतलं. त्याने तिला धक्का मारून पाडलं. ती उठून परत आली. शेवटी त्याने तिची मान दातात धरली आणि फरपटत वाफ्याबाहेर आणलं. चिंगी अशी किंचाळली, की ताई सुईदोरा टाकून धावत आली.

"हवालदार! लाज वाटत नाही? एवढंसं पोर ते!"

"मत्सर, दुसरं काय," धाकटी म्हणाली. "बांध त्याला. माझी रोपंही वाचतील."

त्याला नळाच्या खांबाला बांधलं. तिथून वाफा पूर्ण दिसत होता. पुढच्या खोलीत यंत्र पुन्हा सुरू झालं. धाकटी आत जाऊन आडवी झाली. चिंगी थोडा वेळ मान चाटत बसली, आणि मग उठून सरळ वाफ्यात गेली.

हवालदार भुंकला. घसा फुटेस्तोवर भुंकला. साखळीला हिसके देता देता पट्टा गळ्यात रुतला, डोळ्यांपुढे काळं आलं, तरी तो ओढत राहिला. खिडकीतून ताईचा आवाज आला, "गप्प बस रे! कामं करू देशील की नाही?" चिंगीने उकरलं, खाल्लं, आणखी उकरलं, पुन्हा खाल्लं. या घरात आल्यापासून तिला एवढं चविष्ट काही मिळालंच नव्हतं. पोट टम्म झाल्यावर ती डुलत डुलत त्याच्याकडे आली आणि रोजच्यासारखी त्याच्या पोटाशी मुटकुळं करून झोपली. तिच्या तोंडाला तोच वास होता. त्याने नाक दुसरीकडे वळवलं. पण तो तिच्यापासून हलला नाही.

सकाळी चिंगी ओकली. मग रक्त पडलं. ताईने तिला उचललं तेव्हा तिची मान एका बाजूला लोंबत होती.

धाकटीने जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ओसरीच्या कठड्यावर ठेवला.

"काय खाल्लंय तिने?" डॉक्टरने विचारलं.

"काही नाही हो. आमच्या घरात विषारी असं काही नाहीच. फिनेल नाही, उंदरांचं औषध नाही, फवारणी तर नाहीच नाही."

"बाई, आठवून बघा. काय पोटात गेलंय ते कळल्याशिवाय मी नुसता अंदाजाने औषध देणार. आणि एवढ्या पिल्लाला माझा अंदाज चुकलेला परवडायचा नाही."

"काही नाही म्हणतेय ना! सगळं नैसर्गिक आहे आमच्याकडे!" धाकटीचा आवाज चिरकला.

हवालदाराला ताईने नुकतंच सोडलं होतं. त्याला कोणाला काही दाखवायचं होतं, असं म्हणणं म्हणजे कुत्र्याच्या डोक्यात माणसाची अक्कल घालणं झालं. त्याला ती वस्तू तिथे नको होती, इतकंच. तो वाफ्यावर तुटून पडला. पुढच्या पायांनी उकरून माती मागे भिरकावू लागला. टोमॅटोची रोपं मुळांसकट उडाली.

"माझी रोपं!" धाकटी धावली. तिने नळी उचलून त्याच्या पाठीत हाणली. एकदा, दोनदा. तो थांबला नाही. तिने पट्ट्याला धरून ओढलं, तर आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यावर गुरगुरला. मग उडालेली धूळ नाकात गेली, तसा तो जागच्या जागी ओकाऱ्या देऊ लागला.

पट्टा तसाच हातात धरून ती खाली पाहत राहिली. हवालदार उकरत होता त्याच्या पलीकडे आणखी एक खळगा होता, लहानसा, चाटून गुळगुळीत झालेला. भोवती एवढ्या एवढ्या पंजांचे ठसे. कुंपणामागचं गवत, हवालदाराचे लटपटते पाय, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं असावं. तिचा हात सैल पडला.

"ताई, पेंड."

"कसली पेंड?" फोनमधून आवाज आला.

"एरंडीची. हाडांचा चुरा घालून."

"कधी खाल्ली?"

"काल दुपारी असेल. आम्ही... आम्ही पाहिलंच नाही."

"बाई, तेल निघतं, पण बियांतलं विष पेंडीतच राहतं. आत्ताच्या आत्ता निघा."

चिंगीला पिशवीत घालून त्या गेल्या. हवालदाराला घरात कोंडलं होतं. दाराखालच्या फटीला नाक लावून तो पडून राहिला. पाण्याला तोंड लावलं नाही.

संध्याकाळी धाकटी एकटीच आली. तिने फावडं घेतलं आणि वाफ्यातली सगळी माती पोत्यात भरली. उरलेली रोपंही त्यातच गेली. पोतं भरलं आणि ती तिथेच उभी राहिली. हे टाकायचं कुठे? पिंपात घालावं तर तेच खत परत अंगणात येणार. रस्त्याकडेला ठेवावं तर दुसरं कुत्रं येणार. वर्षभर या घरातून चिमूटभर काही बाहेर गेलं नव्हतं. ती शेजारी गेली, जाड प्लास्टिकच्या पिशव्या मागून आणल्या, पोत्यावर एकात एक चढवून तोंड आवळलं आणि वर कोळशाने मोठ्ठं लिहिलं: विष. मग पायरीवर बसून ती खोकत राहिली, रडत राहिली. हवालदार जवळ गेला नाही. त्याची पाठ दुखत होती.

ताई आली ती उजाडल्यावर. केस विस्कटलेले, पिशवी रिकामी. धाकटी दारातच उभी होती. तिला विचारायचा धीर होईना.

"रात्र काढली तिने," ताई म्हणाली. "सलाइन चालू आहे. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस जाऊ दे, मग बोलू. आत्ताच आशा धरू नकोस."

शब्द हवालदाराच्या कामाचे नव्हते. तो ताईच्या पायांशी गेला आणि तिचे कपडे खालून वर हुंगू लागला. औषध होतं. साबण होता. वाळलेलं रक्त होतं, कालचं. आणि मांडीवर, या सगळ्याच्या वर, अजून ओलसर असा मुताचा डाग होता. तो चिंगीचा होता, आणि आत्ता थोड्या वेळापूर्वीचा होता.

"निघताना जरा मांडीवर घेतलं, तर भिजवलंन मला," ताई म्हणाली. "शी, हवालदार, काय हे! सोड. अरे सोड ना."

त्याने तिथेच नाक रुतवलं आणि तो हलायला तयार होईना.