दुर्गाकाकूंची हरकत

साहेबांची सही होण्याआधी अनुयानं त्यांना पटवून मसुद्यात एक ओळ वाढवून घेतली: पिढीजात प्याऊंना, म्हणजे पाणपोयांना, या नियमातून सूट.

हिंदी मुलखातल्या त्या शहराच्या पालिकेत, आरोग्य विभागात लागल्यापासून तिला याचंच नवल वाटे. नियम म्हणजे काहीतरी वरून पडतं, असा तिचा समज. इथे तर चहा पिता पिता शब्द बदलत! मग ते छापायचं, लोकांच्या हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची. तिकडे कुणी फिरकत नाही, ते वेगळंच. या खेपेचा नियम साधा होता: सार्वजनिक ठिकाणी पिण्याचं पाणी झाकलेल्या भांड्यातून, तोटीनंच द्यायचं.

पण खंडेराव गेटपाशी तिच्या दुर्गाकाकूंचा प्याऊ होता. घरची रीत अशी, की उन्हाळाभर सुनेनं रांजणापाशी बसून स्वतः ओगराळ्यानं पाणी घालायचं. तहानलेल्याला तोटी दाखवायची नाही. काकूंचा सगळा जीव त्यात, हे अख्ख्या नात्यागोत्याला ठाऊक. ही रीत अनुयाच्या हातून बुडाली असती, तर तिला घरात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

सुनावणीला एकच माणूस आलं. दुर्गाकाकू! सूट मिळाल्याचं यांना कळलंच नाही की काय?

"कहिए माताजी, क्या आपत्ति है?" साहेबांनी विचारलं.

"वो पुराने प्याऊ को जो छूट दी है न भैया, वो हटा दो."

साहेब अनुयाकडे बघू लागले. तिनं काकूंना हाताला धरून व्हरांड्यात नेलं.

"अहो काकू, तुमच्यासाठीच घातली होती ती ओळ!"

"ठाऊक आहे गं बाई. म्हणून तर रिक्षा करून आले." काकूंनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "ओगराळं धरवत नाही आता. बोटं पाण्यात बुडतात. तेच पाणी लोक पितात, वर मला आशीर्वाद देतात. मेल्याहून मेल्यासारखं होतं."

"मग तोटी लावा की. कोण अडवतंय?"

"मी लावली तर दुर्गेनं रीत मोडली म्हणतील. कायद्यानं लागली, तर कोण काय बोलणार?" "लग्न होऊन आल्यापासून उन्हाळ्यात दुपारी पाठ टेकली नाही गं मी."

अनुया आत गेली, मसुदा पुढ्यात ओढला आणि आपलीच ओळ खोडली. साहेब बघतच राहिले.

दारातून काकूंचा आवाज आला, साहेबांना न कळणाऱ्या मराठीत:

"आणि हे बघ, घरी सांग, काकू खूप भांडल्या म्हणून."