प्रफुल्लच्या डोक्याचा फोटो

मित्रांनो, मी एक जुनी सीटी स्कॅन मशीन आहे. माझी उमेदीची वर्षं वर्ध्याजवळच्या एका दवाखान्यात गेली. डोक्याच्या आत काय बिघडलं आहे, त्याचा फोटो मी काढत असे. नव्वदच्या दशकात मी ट्रकमधून आले, तेव्हा मला आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली होती. मला थंडावा लागायचा, म्हणून भर मे महिन्यात माझ्या खोलीतली माणसं स्वेटर घालून बसत. माझं फार कौतुक होई. लोक म्हणत, मशीननं सांगितलं म्हणजे झालं.

मग एका उन्हाळ्यात जाम गावचा प्रफुल्ल आला.

जामच्या चौफुलीवर त्याचं मोटर बांधायचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पंपांत तो तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायचा. त्या दिवशी त्याला शॉक लागला. तो कोसळला आणि त्याचं हृदय बंद पडलं. शेजारचे टायरवाले रूपराव पूर्वी होमगार्डमध्ये होते. तिथं शिकवलं होतं तशी त्यांनी त्याची छाती दाबायला घेतली आणि गाडी येईपर्यंत हात थांबवले नाहीत. वाटेतल्या दवाखान्यात हृदय पुन्हा सुरू झालं. पण प्रफुल्ल काही शुद्धीवर आला नाही.

संध्याकाळी त्याला माझ्यापाशी आणलं. मी काढलेला फोटो जवळजवळ स्वच्छ होता. त्याची आई धुरपताबाई आणि काका प्रेमदासजी यांचे चेहरे उजळले. पण फोटो वाचणाऱ्या डॉक्टर माधवी हसल्या नाहीत. हृदय थांबलं की मेंदूला रक्त मिळत नाही. त्यानं झालेली सूज लगेच दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी वर येते, असं त्यांनी दोघांना समजावलं. म्हणजे माझा तो स्वच्छ फोटो काहीच सांगत नव्हता.

तीन दिवस गेले. प्रफुल्ल तसाच. झोपेची औषधं बंद केली, तरी तसाच. मग त्याला पुन्हा आणलं. त्याचा श्वास मशीनवर होता, म्हणून एक सिस्टर हातानं रबरी पिशवी दाबत शेजारी उभी होती. निम्मं काम झालं आणि माझी क्ष-किरणांची नळी तापली. तापली की गार होईपर्यंत मला काही करता येत नसे. पडद्यावर अर्धाच मेंदू आला होता. पिशवी दाबल्याचा तेवढा आवाज येत होता. मित्रांनो, तेव्हा मला माझ्या लोखंडाचा राग आला.

अखेर फोटो पूर्ण झाला. मेंदूत करडा भाग आणि पांढरा भाग असे दोन असतात. त्यांच्यामधली रेघ पुसली गेली, तर आशा फार थोडी उरते. प्रफुल्लची रेघ बाहेरच्या बाजूनं टिकून होती. पण आत खोलवर, हालचाली सांभाळणाऱ्या जागी, ती धूसर झाली होती.

माधवीताईंनी ती फिल्म उजेडावर धरून पुष्कळ वेळ पाहिली. मग त्या बाहेर गेल्या. दार उघडंच राहिल्यानं मला सगळं ऐकू आलं.

प्रेमदासजींनी आपल्या वडिलांना महिनोन्महिने अंथरुणावर झिजताना पाहिलं होतं. ते म्हणाले, "घरी नेतो आम्ही त्याले. काऊन त्याचे हाल करून राह्यलो आपण?"

धुरपताबाईंनी दिराकडे पाहिलं नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "बाई, मले खरं सांगा. तो मले वळखन का नाई?"

"या फोटोत मला त्याचं मरण दिसत नाही," माधवीताई सावकाश म्हणाल्या. "पण तो उठेलच, असंही त्यात दिसत नाही. डोळ्यांवर उजेड टाकला की बाहुल्या आकसतात. एवढ्यावर मी तुम्हाला थोडं थांबा म्हणते. कदाचित मी चुकतही असेन."

धुरपताबाई म्हणाल्या, "मंग थांबतो."

पुढचे दिवस मला फार जड गेले. माझ्याच फोटोच्या भरवशावर ते थांबले होते. अशाच दुसऱ्या एका माणसाच्या फोटोत रेघ पूर्ण पुसलेली होती आणि तो गेला, तेही मी पाहिलं होतं. दाराशी कोणी आलं की वाटे, आता बातमी येणार.

बातमी आली. आईनं हाक मारली की प्रफुल्लची नजर तिच्याकडे वळते, असं सिस्टर सांगत होती. नंतर तो पाणी मागू लागला. आईला त्यानं ओळखलं. पण हात थरथरत राहिले. बारीक तार पुन्हा त्याच्या हातून गुंडाळली गेली नाही. दुकानात तो आता दुसऱ्याला सांगून काम करून घ्यायचा.

काही वर्षांनी नवी मशीन आली. माझ्यावर चादर पडली आणि माझी खोली अडगळीची झाली. मोडीत जाण्याआधी मी प्रफुल्लला आणखी एकदाच पाहिलं. काठी टेकत तो आईबरोबर तपासणीला आला होता. माझ्या दारासमोरच एका नव्या डॉक्टरनं मेंदूचा पुन्हा एक फोटो काढून पाहू म्हटलं.

मित्रांनो, माझ्यासारखीला जपा, माझं म्हणणं नीट ऐका, पण माझ्या फोटोत शोधता शोधता माणसाकडे पाठ करू नका. त्या दिवशी धुरपताबाई त्या डॉक्टरला जे म्हणाल्या, त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

"आता फोटो कायले पाह्यजे, बापू? तो उभा हाय न समोर. त्यालेच विचारा."