द्वादशीच्या पहाटेची साखर

"दोनशे बारा," विभानं साखर मोजायच्या यंत्रातला आकडा सासऱ्यांना वाचून दाखवला. श्रीनिवासरावांनी टोचलेलं बोट कापसानं दाबून धरलं.

सुमतीबाई सोवळ्यात पारण्याचा स्वयंपाक करत होत्या. आकडा ऐकून त्या उंबऱ्यापाशी आल्या.

"काल निर्जळ एकादशी. मग साखर कुठून आली?"

"मला काय माहीत? मी काही खाल्लं न्हाई."

"काल हुमनाबादला कामून गेल्तात? गुरप्पांच्या हाटेलात बसलात का न्हाई?"

"बसलो. पण पाणीसुद्धा पिलो न्हाई. विचार गुरप्पाला!"

"ते तुमचेच दोस्त. तुमच्यासारखंच बोलणार." सुमतीबाईंनी आत तोंड करून मुलाला हाक मारली. "श्रीनाथ, आंघोळ कर. आज पूजा तू कर. एकादशी मोडलेल्या हातानं देवाला पाणी घालायचं न्हाई."

श्रीनिवासरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. मुंज झाल्यापासून त्यांनी एकही एकादशी चुकवली नव्हती. हेडमास्तर असताना तापानं फणफणलेले असतानाही त्यांनी घोटभर पाणी घेतलं नव्हतं. चिटगुप्प्यात, सगळ्या गावात, लोक त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवत, आणि इथं बोटभर यंत्रानं घरातच, सुनेदेखत, त्यांना चोर ठरवलं होतं!

विभाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उपासानंतर साखर बघू या, हा हट्ट तिचाच होता. गुलबर्ग्याच्या कॉलेजात ती जीवरसायनशास्त्र शिकवत असे.

"आत्या, मामा खरं बोलायलेत. आपण जेवलो न्हाई की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. साठा संपत आला की नवी बनवतं. इन्सुलिन त्याला आवर घालतं. मामांना मधुमेह आहे, त्यांच्यात तो आवर पुरत न्हाई. पहाटे तर ते जास्तच सोडतं."

"उपाशी माणसाच्या पोटात साखर तयार होती? पोरांना हेच शिकवतीस व्हय?"

"शिकवते," विभा म्हणाली. आता तिचाही आवाज चढला होता.

"मग माझं बोट घे. मी तर कालपासून थुंकीबी गिळली न्हाई. खऱ्या उपासाची साखर किती असती, बघू दे यांना."

"आत्या, सोवळं..."

"मोडू दे. पुन्यांदा आंघोळ करीन."

विभानं नवी सुई लावली. सुमतीबाईंनी नवऱ्याकडे बघत बोट पुढं केलं. रक्ताचा थेंब पट्टीवर टेकला आणि आकडा उमटला. विभा तो मोठ्यानं वाचेना, तेव्हा श्रीनिवासरावांनीच वाकून पाहिलं.

एकशे शहाऐंशी.

सुमतीबाईंना मधुमेह असल्याचं आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी आकड्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. रागानं तापलेला चेहरा एकदम उतरला. श्रीनिवासरावांना त्यांची दया यायला हवी होती. पण देवघरातून श्रीनाथच्या घंटेचा आवाज आला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"काल दुपारी शेजारच्या अक्कम्माकडं कामून गेल्तीस?"

सुमतीबाईंचे डोळे भरून आले.

"विभा," त्या म्हणाल्या, "मघा ते यकृताचं सांगायलतीस न्हवं? ह्यांना एकदा नीट समजावून सांग."