चैत्रातल्या लांब बाह्या

मार्गशीर्षात विद्युल्लतेला बघायला पाहुणे आले, तेव्हा थंडी सुमतीबाईंच्या मदतीला धावून आली. भिवंडीत थंडी ती कितीशी पडणार! पण सत्याऐंशीच्या त्या डिसेंबरात बरी पडली आणि मुलीच्या अंगात मनगटापर्यंतचा स्वेटर चढवायला निमित्त मिळालं. तिच्या उजव्या मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग होता. कोड. हा शब्द सुमतीबाई घरातसुद्धा कुणाला उच्चारू देत नसत. बघायला आलेला मुलगा शरच्चंद्र शाळेत मास्तर, घर सुशिक्षित. सुपारी फुटली, वैशाखातला मुहूर्त धरला.

मग उन्हाळा आला. कामतघरच्या चाळीचे पत्रे तापायला लागले, बायका पातळ सुती ब्लाउजांवर आल्या, आणि नेमकं होणाऱ्या सासूबाईंचं, माईंचं चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं.

"लांब बाह्यांचा शिवून आणलाय तोच घालायचा," सुमतीबाईंनी बजावलं.

"आई, या उकाड्यात? बायका हसतील."

"हसू देत. फॅशन आहे म्हणावं."

"आणि लग्नानंतर? बारा महिने फॅशन?"

"एकदा अक्षता पडू देत, मग बघू."

"त्यापेक्षा मी सांगूनच टाकते त्यांना."

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला!"

मुलीने ब्लाउज अंगात चढवला. हे हत्यार आयांना फार सोपं पडतं. निजामपुऱ्यात माईंच्या दारी रिक्षातून उतरेपर्यंत ब्लाउज विद्युल्लतेच्या पाठीला चिकटला होता.

एवढा सगळा विचार केला बाईंनी, पण चैत्रगौरीला बायकांच्या हातांना चंदन लावतात हेच विसरल्या! लहानपणापासून दरवर्षी ज्यांनी स्वतःचे हात पुढे केले, त्यांना ते आठवलं कधी, तर माई चंदनाची वाटी आणि शिंपला घेऊन समोर येऊन बसल्या तेव्हा.

"काय गं, घामाघूम झालीस! ती बाही वर घे," असं म्हणत माईंनी स्वतःच बाही सरकवली आणि त्यांचा हात थबकला.

"भाजलंय हो," सुमतीबाई घाईघाईने म्हणाल्या, "भजी तळताना तेल उडालं."

"अगं बाई! मग चंदनाने गारच वाटेल." माईंनी प्रेमाने त्या डागावर बोट टेकवलं. सुमतीबाईंचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, आणि शेजारच्या कापड कारखान्यातल्या लूमांचा खडखडाटही थांबला. दिवसभर ओरडून बोलायची सवय असलेल्या त्या गल्लीत अचानक सगळं शांत झालं. अशा शांततेत विद्युल्लता बोलली.

"माई, भाजलेलं नाही ते. कोड आहे."

वीस बायकांनी ऐकलं. माईंनी वाटी खाली ठेवली. त्या चिडल्या नाहीत, फक्त सुमतीबाईंकडे बघत म्हणाल्या, "खोटं कशाला बोललात?"

शरच्चंद्र पन्ह्याचे ग्लास घेऊन मधल्या दारात उभा होता. त्यानेही ऐकलं होतं. पण हातात ताट होतं, सगळ्या बघत होत्या, म्हणून तो एकेकीच्या हातात ग्लास देत पुढे आला. विद्युल्लतेने उजवा हात पुढे केला. बाही तशीच वर होती. त्या हाताकडे बघून तो क्षणभर घुटमळला आणि ग्लास त्याने तिच्यासमोर जमिनीवर ठेवला.

विद्युल्लतेने तो उचलला. सावकाश, ग्लासचा तळ दिसेपर्यंत पन्हं प्यायली आणि उठली.

"आई, चल."

सुमतीबाईंना भीती होती ती लग्न मोडायची, आणि ते मोडलं हे कुणी सांगायला नको होतं. मास्तर म्हणे! शिकलेला म्हणे! त्याला तोडून बोलायचं म्हणून त्या वळल्या, तोंडही उघडलं, आणि तसंच मिटलं. शरमेने त्यांचे कान तापले. गेली दोन वर्षं त्यांनीच आपल्या घरात या मुलीला कणकेला हात लावू दिला नव्हता.