टाकीचं झाकण

डॉक्टर भला माणूस होता, म्हणून त्याने मुदत सांगितली नाही. नुसतंच म्हणाला, "आजी, आता जे आवडतं ते खा." धाकटीला तेवढं पुरलं. माणूस पार हाताबाहेर गेल्याशिवाय डॉक्टर त्याला तळलेलं खाऊ देत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. घरी येईपर्यंत तिचं रडून झालं, आणि दारात चपला काढता काढता तिने ठरवलं, की थोरल्या जाऊबाईंना आपल्याआधी वर पोचवायचं.

रागापोटी नव्हे. राग केव्हाच विटून गेला होता. प्रश्न होता तो आपल्यामागे कुणाचा शब्द उरतो याचा.

दोघींच्या नवऱ्यांचा कपडे रंगवायचा कारखाना होता. मागच्या अंगणात धुण्याची टाकी, जमिनीत खोल, वर लाकडी झाकण. नियम एकच: टाकीतून शेवटचं कापड जो काढील त्याने झाकण घालायचं. पण ओलीचिंब मोठी चादर एकटीला उचलत नाही. एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. पीळ घालत घालत दोरीपर्यंत न्यायची. त्या दिवशीही तशीच नेली. धाकटीला वाटलं, थोरली झाकण घालेल. थोरलीला वाटलं, धाकटी घालेल. चादर दोरीवर पडेपर्यंत धाकटीची दीड वर्षांची मुलगी टाकीत पडली होती.

तेव्हापासून थोरली सांगत आली, "टाकीकडचं टोक हिच्या हातात होतं." आणि धाकटी सांगत आली, "छे, ताईंच्या." नवरे गेले, कारखाना गेला, अंगणात परक्यांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या, तरी दोघी एकाच घरात राहिल्या. दुसरीला मोकळी सोडली तर ती काय सांगत सुटेल याचा भरवसा नव्हता. आता धाकटीचं तोंड मिटलं, की थोरलीचंच खरं होणार. सख्खी आई, आणि झाकण उघडं टाकून गेली. एवढं ऐकून घेत सरणावर पडून राहायची धाकटीची तयारी नव्हती.

कारखान्यातली रंग पक्का करायची पूड माळ्यावर होती, डब्यावर कवटीचं चित्र. अडचण एकच. कॉफी धाकटीने ओतायची आणि कप थोरलीने निवडायचा, ही धाकटी लग्न होऊन आल्यापासूनची रीत. जास्त भरलेला कप ती स्वतः लाटते असा थोरलीचा संशय. धाकटीने डोकं खाजवलं आणि पूड दोन्ही कपांत घातली. आपल्याला नाहीतरी जायचंच आहे. ताईंनी आधी प्यायली म्हणजे झालं.

थोरलीने दोन्ही कप वाकून पाहिले, एक ओढून घेतला. "काय म्हणाला डॉक्टर?"

"आवडेल ते खा म्हणाला."

"मग आटोपलंच की गं तुझं."

"हो."

"इथेसुद्धा माझ्या पुढे घुसलीस."

"घ्या ना ताई, गार होतेय."

"तू घे आधी. आज तुझा मान."

धाकटीने कप ओठांशी नेला, आणि दातच उघडेनात. वाटेत एवढं रडून मनाची तयारी केलेली. पण आतला जीव ऐकायला तयार नव्हता. दुसरीचा जीव घ्यायला निघालेली बाई एका घोटाला घाबरली, याची तिला लाज वाटली.

"काय झालं?"

"कढत आहे."

"आत्ता गार होतेय म्हणालीस." थोरलीने आपला कप उचलून फुंकर मारली. "पोरीचंही असंच. दूध गार असलं तरी आधी फुंकर. तीही नाकाने."

"नाकाने?"

"मग काय. सगळं दूध माझ्या अंगावर. एकदा मी चापट दिली, तर तिने उलट मलाच चापट दिली."

धाकटीला काही म्हणता काही आठवेना. चादर आठवत होती, तिचा पीळ, टोकं, दोरी. इतकी वर्षं तेवढंच घोटत बसली आणि पोर धुऊन गेली. जी काही उरली होती ती समोरच्या या खडूस बाईच्या डोक्यात.

थोरलीने कप ओठांना लावला. धाकटीने हात मारला. कप फरशीवर फुटला.

"झुरळ होतं," धाकटी म्हणाली.

"नेमकं माझ्याच कपात." थोरलीने धाकटीच्या न उष्टावलेल्या कपाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. खुळी नव्हती ती. उठली, तो कप मोरीत ओतला आणि बराच वेळ पाणी सोडून ठेवलं.

"टोक तुझ्याच हातात होतं," ती पाठमोरीच म्हणाली. "मी मरेपर्यंत हेच सांगणार."

"सांगा. पण ते नाकाचंही सांगा."

"कुणाला? कोण विचारतंय आपल्याला?"

लांबच्या पुतण्याचा कधीमधी फोन यायचा, तो घर कधी विकायचं हे विचारायला.

"मग मला सांगा," धाकटी म्हणाली. "आणखी काय करायची ती?"

थोरलीने हात पुसले. "आधी कॉफी कर दुसरी," ती म्हणाली. "मी इथे उभी राहून बघणार."