हिराइवाचा निरोपाचा सामना

हिराइवा आमच्या शिझुओकाच्या फुटबॉल संघात चौदा वर्षं बचावफळीत खेळला. मी त्याच्यामागे गोलरक्षक.

निरोपाच्या सामन्याला त्याने जुना प्रतिस्पर्धी कुगालाही समोरच्या संघातून खेळायला बोलावलं. नऊ वर्षांपूर्वी त्यानेच कुगाची नडगी मोडली होती, आणि कुगाचा खेळ तिथेच संपला होता.

बाराव्या मिनिटाला कुगाने चेंडू सोडून हिराइवाच्या तोंडावर कोपर हाणलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला गोलपर्यंत ऐकू आला. पंचांनी लाल कार्ड काढलं.

हिराइवाने रक्ताबरोबर दात थुंकला. "राहू द्या, साहेब. मीच बोलावलंय त्याला."

"नाकावर भागवतोस होय रे?" कुगा म्हणाला. "माझा पाय गेलाय."

"अजून अठ्ठ्याहत्तर मिनिटं आहेत. ये."

कुगाने पाठ फिरवली आणि तो लंगडत मैदानाबाहेर निघून गेला. हिराइवा नाकात कापूस कोंबून शेवटपर्यंत खेळला. त्याला मात्र पुन्हा कुणी धक्काही लावला नाही.