दोन गोल, एक जाळी

ओळखलंत का मला, मित्रांनो? अंगात दोरी कमी आणि भोकंच जास्त, अशी मी एक जुनी जाळी आहे. फुटबॉलच्या गोलामागे बांधतात ना, ती. भोकांना हसू नका बरं! भोकं आहेत म्हणून तर वारा माझ्यातून गात जातो, मला पाडून जात नाही.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे बायका ओळीनं बसून दोरीत दोरी गुंफायच्या आणि बोलण्यात बोलणं. माझ्या एका कोपऱ्यात कुणाच्या तरी लेकीचं लग्न गुंतलं आहे, दुसऱ्यात कुणाची तरी दाढदुखी. शेवटची गाठ मारून एक मावशी म्हणाली, "जा बाई, चांगल्या घरी पड." आणि मी येऊन पडले एका छोट्या महाविद्यालयात.

किती छोटं म्हणाल? फुटबॉल क्लबात मुली मोजून बारा. अकरा मैदानात, एक पाण्याच्या बाटल्यांपाशी. व्हॉलीबॉलला त्यातल्याच, क्रिकेटला त्याच, धावण्याच्या शर्यतीतही त्याच. खेळ बदलला की फक्त बूट बदलायचे. जाळीसुद्धा तीच, म्हणजे मी! सोमवारी गोलामागे उभी, बुधवारी दुमडून व्हॉलीबॉलच्या खांबांना ताणलेली, शुक्रवारी क्रिकेटच्या सरावाला आडोसा. रविवारी साहित्याच्या खोलीत पाय पसरून पडायची, तेव्हा कुठे अंग मोकळं व्हायचं.

त्यांचे प्रशिक्षक म्हणजे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले मदतनीस. सगळ्या त्यांना काका म्हणत. दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या आणि संध्याकाळी शिट्टी फुंकायची, असा त्यांचा दिनक्रम. माझी एखादी गाठ तुटली की ते खिशातून दाभण आणि सुतळी काढत, तिथेच गवतावर बसत आणि घरी जाण्याआधी मला सांधून टाकत.

आता खरी गंमत ऐका. मैदानात गोल दोन आणि जाळी मी एकटी! तेव्हा काकांनी एक रीत पाडली. जाळी नेहमी पाहुण्यांच्या गोलामागे. "घरी आलेल्या माणसाला चेंडूमागं पळवायचं का? आपला चेंडू आपण आणू," ते म्हणत. मध्यंतर झालं, बाजू बदलल्या, की बाराही जणी मला सोडवायच्या आणि खांद्यावर घेऊन मैदान ओलांडायच्या. वर गाणंही म्हणायच्या:

जाळी निघाली गं बाई, या टोकाहून त्या टोकाला,
चेंडू पाहुणीचा राखा, आपला जाऊ दे ओढ्याला!

ओढा खराच होता. एका गोलामागे उतार, आणि उताराखाली ओढा. दुसऱ्या गोलामागे सायकलींची रांग.

"पण काका, आपल्या गोलात चेंडू गेला की नाही, हे कळणार कसं?" एकीनं विचारलं होतं.

"जिथं जाळी नाही, तिथं गोलकीपरची जीभ हीच जाळी," काका म्हणाले. "ती सांगेल ते खरं."

आमच्या गोलकीपरला सगळ्या 'भिंत' म्हणायच्या. वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही, पण गोलात उभी राहिली की पाखरूही आत यायचं नाही. तीन वर्षं तिनं ओढ्यातून चेंडू काढले, ओले मोजे पिळले. माझ्या गाठी मात्र तीच मारायची. "नीट बस गं," असं कानात सांगून.

तिच्या शेवटच्या वर्षी नवल घडलं. स्पर्धेचा शेवटचा सामना, आणि तो नुसता बरोबरीत सुटला तरी क्लबाला पहिलावहिला चषक मिळणार होता! प्राचार्यबाईंनी काचेच्या कपाटातला एक कप्पा आधीच पुसून ठेवला होता.

मध्यंतराला मी सायकलींच्या बाजूला गेले. दोन्हीकडे शून्य. मिनिटं सरत होती. माझ्या पोटात चेंडू काही येईना. आणि अगदी शेवटी, दूर तिकडे, पाहुण्यांच्या एकीनं चेंडू जमिनीलगत मारला. भिंत झेपावली. चेंडू खांबाला घासून उतारावर घरंगळला, थेट ओढ्यात. पण गेला कुठून? खांबाच्या आतून की बाहेरून?

पंच मुलींच्या गर्दीमागे होते. त्यांना दिसलंच नव्हतं. ते धावत आले.

"तुमच्या मैदानाची रीत मला ठाऊक आहे. सांग, आत की बाहेर?"

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, दोऱ्या तोडून तिकडे धावत जावं. निदान तिला एकटीला तरी बोलावं लागलं नसतं!

भिंतीनं एकदा काकांकडे पाहिलं. काका आकाशाकडे पाहत होते.

"आत," ती म्हणाली.

चषक पाहुण्यांच्या गाडीतून गेला. आमची सुसाट, सगळ्यांत पुढे खेळणारी, रडून लाल झाली होती. "अगं, बाहेर म्हणाली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"आभाळ नसतं कोसळलं," भिंत म्हणाली. "पण तीन वर्षं मी कितीदा 'बाहेर' म्हटलं, आणि सगळ्यांनी मानलं. आज खोटं बोलले असते, तर ते सगळे 'बाहेर' खोटे झाले असते."

सुसाटनं बूट काढले, ती उतार उतरली आणि ओढ्यातून चेंडू घेऊन आली. "दर वेळी तुझेच मोजे का भिजायचे?" एवढंच पुटपुटली. तेव्हा भिंत पहिल्यांदा रडली, आणि रडता रडता हसली.

पंधरा दिवसांनी पाहुण्यांची गाडी पुन्हा दारात! त्यांच्या कर्णधारानं एक गाठोडं काढलं. आत त्यांच्याकडची एक जुनी जाळी. "तुमच्या गोलकीपरच्या जिभेला जरा विश्रांती," ती म्हणाली. जाळी फाटकी होती. काकांनी दाभण काढलं, भिंतीनं सुतळी धरली, आणि अंधार पडायच्या आत मला धाकटी बहीण मिळाली.

पुढच्या सामन्याला दोन्ही गोलांमागे जाळ्या. तरी मध्यंतर होताच सगळ्या सवयीनं माझ्याकडे धावल्या आणि गाठी सोडूनही बसल्या! मग एकच हशा. "आता काय करायचं?" "करायचं काय? तिलाही उचला!"

तेव्हापासून आमची अदलाबदल होते. काही गरज नसताना!

काचेच्या कपाटातला तो कप्पा अजून रिकामा आहे. प्राचार्यबाई तो रोज पुसतात मात्र. भिंत आता नोकरीला लागली, पण सुट्टीच्या दिवशी येते आणि माझी सैल गाठ आवळून जाते. म्हणून सांगते, मित्रांनो, तुमच्या मैदानावरची जाळी कुठे उसवली, तर त्याच दिवशी सांधा. एका गाठीकडे कानाडोळा केला की शेजारच्या चार सुटतात. शब्दाचंही तसंच असतं, हे मी भिंतीकडून शिकले.

आता शिट्टी झाली बघा. मध्यंतर! मुली मला खांद्यावर घेत आहेत. मैदानाच्या मधोमध बहीण भेटेल, आणि नेहमीसारखं विचारेल, "ताई, काय म्हणतेस?"

मी म्हणेन, "मजेत गं. तुझ्या अंगाला ओढ्याचा वास येतोय."